वांग्यातली अळी आणि पाचवीचा वर्ग

मुंबईतल्या शाळांच्या मुलांना शेत दाखवायला नेणं हे माझं काम. बोरिवलीहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की गोराई. शिक्षकांचे फोटो बोटीतच सुरू होतात. बॅनर धरून फोटो निघाला नाही तर सहल झालीच नाही, असं बहुतेक शाळांचं मत.

वांग्याच्या वाफ्यात मी मुलांना आधी मान टाकलेले शेंडे हुडकायला लावते. शेंडा उभा चिरायचा, आत गुलाबीसर अळी सापडते. हीच अळी फळातही शिरते. वांग्यावर दिसतं ते भोक तिच्या बाहेर पडण्याचं; शिरतानाचं केव्हाच बुजलेलं असतं. एकदा आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून असे शेंडे वेळीच खुडून नष्ट करायचे. पाचवीची मुलं यात तासभर रमली. किंचाळल्या फक्त त्यांच्या मॅडम.

मग एका मुलीला खोपीत औषधाची बाटली दिसली. "यावर पिवळा त्रिकोण का आहे?" मी सांगितलं: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. मॅडम कानाशी येऊन म्हणाल्या, "ताई, सेंद्रिय आहे म्हणा ना." शेत ज्यांचं, त्या काकांनी ते ऐकलं. "सेंद्रिय नाही हो. फवारतो मी. फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही ते कागदावर लिहिलेलं असतं, तेवढं पाळतो."

ती मुलगी म्हणाली, "मग तुमच्या घरी हीच वांगी खाता?"

काका जरा थांबले. मग विहिरीकडे हात केला. तिथे चार-पाच झाडं होती, पानं चाळण झालेली, वांगी वेडीवाकडी. "घरची ती."

पुढे कोणीच काही विचारलं नाही. मीसुद्धा. तोडणीचे दिवस पाळणारा माणूस खोटं वागत नाही हे मला कळतं, पण ती विहिरीकाठची झाडं मी त्याआधी कितीदा पाहिली होती आणि कधी विचारलं नव्हतं. काय विचारायचं, हेही अजून नीट सुचत नाही.

आठवड्याने शाळेचा निरोप आला: उपक्रम छान, पुढच्या तुकडीला खोप दाखवू नये. काकांना सांगितलं तर म्हणाले, "चोरून आणलीय का बाटली? दुकानाचं बिल आहे माझ्याकडे."

पुढची तुकडी जानेवारीत आहे. शाळेला मी अजून उत्तर दिलेलं नाही.