उघडलेली फाईल आणि उतरवून घेतलेली फाईल

मी दिवाळी अंकांची प्रुफे तपासते, त्यामुळे गणपती गेले की माझ्या मेलमध्ये पीडीएफ फाईलींची रीघ लागते. गेल्या वर्षी अशाच एका घाईच्या आठवड्यात मला रत्नागिरीला आत्याकडे जाणे भाग पडले. एका अंकाची शेवटची तीन प्रुफे आदल्या रात्री मेलने आली होती. ती मी घरी, वाय-फायवर, एकेक करून उघडली, पाने वरखाली करून पाहिली आणि मांडवी एक्सप्रेसच्या खिडकीशी बसून सावकाश तपासू, असे ठरवून झोपले. पहिली फाईल माणगावच्या आसपास नेटवर्क धड असताना उघडली म्हणून वाचून झाली. चिपळूण मागे पडल्यावर दुसरी उघडायला गेले, तर पडद्यावर एक वर्तुळ नुसतेच फिरत राहिले. संगमेश्वर आले, उक्षी गेले, आणि मग सुमारे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागला. तेथे तर नेटवर्कचे नावच नव्हते. संपादकांना दुरुस्त्या संध्याकाळपर्यंत हव्या होत्या, आणि ज्या फाईली मी काल रात्री माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या त्या आज माझ्याच फोनमध्ये नव्हत्या.

चूक सर्वस्वी माझी होती, कारण मी फाईल उघडली होती, उतरवून घेतली नव्हती. या दोन क्रियांमधला फरक मला कागदावर ठाऊक होता, तरीही हात चुकला, आणि त्याचे कारण मला नंतर विचार करताना सापडले. आपल्यापैकी बहुतेकांना फोनवर फाईली घेण्याची सवय व्हॉट्सॲपने लावली आहे. तेथे आलेली फाईल एकदा बोट लावून उघडली की ती फोनमधल्या व्हॉट्सॲपच्या फोल्डरात येऊन पडते, आणि फोटो तर न मागताही गॅलरीत जाऊन बसतात. मेलची रीत वेगळी आहे. मेल आणि त्याच्या सोबतची फाईल मुळात मेल पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे तिच्या दूरच्या संगणकावर असते. फोनवरचे ॲप आपल्याला पत्र दाखवते आणि फाईलवर बोट ठेवले की ती पाहण्यापुरती मागवून घेते. ही मागवलेली प्रत ॲपच्या तात्पुरत्या साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये राहते. ती दोन दिवस टिकेल किंवा दोन तास, हे आपल्या हातात नसते, कारण फोनमधली जागा कमी पडू लागली की अँड्रॉइड सर्वांत आधी असल्या तात्पुरत्या प्रतींवरच झाडू फिरवते. ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी घरच्या संगणकावर आउटलुक एक्सप्रेस वापरले असेल त्यांना आठवत असेल की तेव्हा मेल फाईलीसकट सगळाच्या सगळा संगणकावर उतरत असे. माझी समजूत बहुधा त्या काळातली असावी.

आता प्रत्यक्ष कृतीबद्दल. अँड्रॉइड फोनवरच्या जीमेलमध्ये मेलच्या तळाशी फाईलची एक छोटी चौकट दिसते. त्या चौकटीच्या मधोमध बोट ठेवले की फाईल नुसती उघडते. चौकटीवरच दोन बारीक चिन्हे असतात, आणि सगळा घोळ या दोन चिन्हांपाशी होतो. एक आहे खाली रोखलेला बाण, ज्याच्या पायाशी आडवी रेघ असते; दुसरे आहे गूगल ड्राइव्हचे त्रिकोणी चिन्ह, ज्याला अधिकची खूण चिकटलेली असते. त्रिकोण दाबला की फाईल ‘सेव्ह’ झाल्याचा संदेश दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. पण ती सेव्ह झालेली असते ड्राइव्हवर, म्हणजे पुन्हा इंटरनेटच्या पलीकडेच. सर्व्हरच्या एका कपाटातून काढून दुसऱ्या कपाटात ठेवण्यासारखेच ते आहे. फोनच्या स्वतःच्या स्टोरेजमध्ये फाईल हवी असेल तर बाणच दाबावा लागतो. फाईल आधीच उघडलेली असेल तर वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांना बोट लावले की डाउनलोडचा पर्याय मिळतो.

बाण दाबल्यावर फार काही घडल्यासारखे वाटत नाही, ही दुसरी अडचण आहे. वरच्या पट्टीत क्षणभर एक सूचना चमकते आणि जाते. माणूस पुन्हा दाबतो, मग आणखी एकदा दाबतो, आणि अशा रीतीने एकाच प्रुफाच्या तीन प्रती, नावापुढे कंसातला १ आणि कंसातला २ घेऊन, फोनमध्ये जमतात. माझ्या कामात हा प्रकार विशेष त्रासाचा ठरतो, कारण संपादकांनी सुधारून पाठवलेली फाईलही बऱ्याचदा त्याच नावाची असते आणि तिलाही फोन कंसातला आकडाच जोडतो. मग २ ही माझ्या उतावळ्या बोटाने झालेली प्रत की खरोखर सुधारलेले प्रूफ, हे पाने ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. एकदा मी जुन्याच प्रतीवर दीड तास घालवला होता.

उतरवलेली फाईल ‘डाउनलोड’ नावाच्या फोल्डरात जाते. तेथे पोहोचण्यासाठी फोनमधले फाईलींचे ॲप उघडावे: काही फोनमध्ये ते ‘फाइल्स बाय गूगल’ असते, सॅमसंगमध्ये ‘माय फाइल्स’. या फोल्डराचा मोठा गुण असा की तो कोणत्याही एका ॲपच्या मालकीचा नाही. जीमेल काढून टाकले तरी तेथली फाईल जागच्या जागी राहते. अवगुण असा की तेथे सगळेच येऊन पडते: विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, कोणाच्या तरी मुंजीची पत्रिका आणि माझी प्रुफे. फोटोंच्या बाबतीत तर आणखी गंमत होते. मेलने आलेले छायाचित्र उतरवले की ते कॅमेऱ्याच्या फोटोंमध्ये नव्हे, याच फोल्डरात जाते. म्हणून गॅलरीच्या पहिल्या पानावर ते शोधणारा माणूस ‘आलेच नाही’ असे ठामपणे सांगतो.

यावर उपाय म्हणून मी फाईल उतरवली की त्याच क्षणी तिचे नाव बदलते. ‘स्कॅन ०००४’ किंवा ‘डॉक्युमेंट’ ही नावे पाठवणाऱ्याच्या सोयीची असतात. मी अंकाचे नाव, विभाग, कितवे प्रूफ आणि तारीख एवढे घालते, आणि तारीख वर्षापासून सुरू करते, म्हणजे फाईली आपोआप क्रमाने लागतात. नावे देवनागरीतही देता येतात, पण जुन्या काही यंत्रणांमधून फिरून आलेल्या मेलमध्ये देवनागरी नावाची प्रश्नचिन्हे होतात, हे अनेकदा पाहिल्यामुळे दुसऱ्यांना पाठवायच्या फाईलींना मी इंग्रजी अक्षरांतच नाव देते. मराठीच्या शुद्धलेखनावर पोट असलेल्या बाईने हे लिहावे, याची मला थोडी लाज वाटते.

आयफोनबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण तो मी वापरत नाही. आमच्या अंकाची सजावट करणारी मैत्रीण वापरते. तेथे मेलमधल्या फाईलवर बोट दाबून धरले की ती फाइल्स ॲपमध्ये ठेवण्याचा पर्याय येतो, आणि मग जागा निवडताना ‘माझ्या आयफोनवर’ आणि ‘आयक्लाउड ड्राइव्ह’ यांतले नेमके काय दाबतो याकडे लक्ष द्यावे लागते. त्रिकोण आणि बाणाचाच हा दुसरा अवतार. फाइल्स हे ॲप २०१७ साली, आयओएस ११ बरोबर आले.

आणखी एक फसगत मोठ्या फाईलींची असते. जीमेलमधून २५ एमबीपर्यंतची फाईल मेलला जोडता येते. त्याहून मोठी असेल तर तिच्या जागी ड्राइव्हचा दुवा जातो. या मर्यादांच्या मुळाशी थोडा इतिहासही आहे. मेल ही मूळची साध्या अक्षरांपुरती सोय होती; तिच्यासोबत चित्रे आणि आवाज पाठवण्याची माइम ही पद्धत नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ साली मांडली, आणि बोरेनस्टाइन यांनी त्या मार्च महिन्यात पाठवलेल्या पहिल्या अटॅचमेंटमध्ये त्यांच्या चार जणांच्या गायकमेळ्याचे छायाचित्र आणि गाणे होते. या पद्धतीत फाईलच्या दर तीन बाइटांची चार अक्षरे केली जातात, म्हणजे वाटेत प्रत्येक फाईल सुमारे एकतृतीयांशाने फुगते. मुखपृष्ठाची छपाईयोग्य फाईल त्या २५ एमबीत कधीच मावत नाही, म्हणून ती दुव्याने येते. दिसायला तो दुवा अटॅचमेंटसारखाच असतो, पण फाईल पाठवणाऱ्याच्याच ड्राइव्हमध्ये राहते. त्याने ती पुसली किंवा परवानगी काढून घेतली की आपल्या मेलमध्ये उरते फक्त रिकामी चौकट. अशी फाईल तर आल्या दिवशीच उतरवून घ्यावी.

रत्नागिरीला पोहोचल्यावर आत्याच्या घरी बसून मी प्रुफे पुरी केली, आणि मग तिने तिचे काम पुढे केले. ती निवृत्त मुख्याध्यापिका आहे. बँकेचे स्टेटमेंट तिला दरमहा मेलने येते आणि त्यातले वर्षभराचे कागद करसल्लागाराला छापून द्यायचे होते. झेरॉक्सवाल्याने रिवाजाप्रमाणे सांगितले होते, “मावशी, मला मेल करा नाहीतर व्हॉट्सॲप करा.” आत्याला ते पटले नव्हते. “अगं, त्याच्या मशीनवर माझे पैसे किती ते कायमचे राहणार. कशाला?” ती म्हणाली, आणि मला तिचे म्हणणे पूर्ण पटले. आम्ही बारा फाईली एकेक बाण दाबून फोनमध्ये उतरवल्या, महिन्यांची नावे दिली आणि दोन टोकांच्या पेनड्राइव्हवर घेतल्या. त्याचे एक टोक फोनच्या चार्जिंगच्या खाचेत बसते आणि दुसरे दुकानातल्या संगणकात. दुकानात त्या पेनड्राइव्हवरूनच उघडून छापून घेतल्या. (घरी आल्यावर पेनड्राइव्ह कोरा केला. दुकानातल्या संगणकावरून त्यात काय शिरले असेल, सांगता येत नाही.)

यात एक बारीक खाच होती. अशा स्टेटमेंटला पासवर्ड असतो, आणि तो कसा बनवायचा, म्हणजे नावाची कोणती अक्षरे आणि जन्मतारखेचे कोणते आकडे घ्यायचे, ही सूचना मेलच्या मजकुरात असते, फाईलमध्ये नसते. फाईल उतरवून मेल पुसून टाकला तर कुलूप हाती राहते आणि किल्लीचा पत्ता जातो. म्हणून आत्याचे ते मेल आम्ही पुसले नाहीत, जरी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून असलेल्या १५ जीबीतली तिची बरीचशी जागा भरली होती. जागा करण्यासाठी नातवाने पाठवलेले व्हिडिओ आधी उतरवून घेतले आणि ते मेल काढले. पुसलेला मेल तीस दिवस कचरापेटीत असतो, हे ऐकल्यावरच तिने होकार दिला.

जे उतरवू नये त्याबद्दलही एक वाक्य लिहायला हवे. ज्या फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरे असतात ती कागदपत्र नसून ॲप असते. जीमेल असल्या फाईली अडवते, पण लग्नपत्रिकेच्या नावाने त्या व्हॉट्सॲपवरून फिरतात, आणि उतरवण्याची सवय लागलेले बोट तेथेही थांबत नाही.

सुट्टी संपवून परतल्यावर मी माझ्या जुन्या मेलांकडे वळले. शोधण्याच्या पट्टीखाली फक्त अटॅचमेंट असलेले मेल गाळून देणारे बटण आहे. ते वापरून २००८ सालचा एक लेख सापडला, जो त्या लेखकांकडेही उरला नव्हता. बाण दाबला, फाईल उतरली, आणि उघडून पाहते तर इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि आकडे यांची खिचडी. लेख ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’ या जुन्या फाँटमध्ये बसवलेला होता. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वीचे हे फाँट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची वळणे बसवत. फाँट असेल तर मराठी दिसते, नसेल तर त्या जागेवरचे मूळ चिन्ह दिसते, आणि फोनमध्ये तो फाँट नसतो. मजकूर शाबूत होता, फक्त वाचता येत नव्हता. पीडीएफमध्ये बहुधा फाँटही सोबत भरलेला असतो, म्हणून प्रुफांना ही बाधा होत नाही, वर्डच्या फाईलींना होते. शेवटी ओळखीच्या छापखान्यातल्या जुन्या संगणकावर ती फाईल उघडली, तेथेच तिची पीडीएफ केली, मलाच मेल केली आणि घरी येईपर्यंत वाट न पाहता जिन्यातच बाण दाबला. लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात ‘आशीर्वाद’ हा शब्द ‘आर्शिवाद’ असा राहून गेला आहे.