अस्तंब्याची चढण

तळोद्याहून अस्तंबा शिखरावरच्या अश्वत्थाम्याच्या यात्रेला निघताना आईने माझ्या पिशवीत खोबरेल तेलाची लहान बाटली ठेवली. कपाळावरचा मणी गेल्यापासून ती जखम घेऊन अश्वत्थामा सातपुड्यात तेल मागत हिंडतो, हे तिने मला लहानपणापासून सांगितले आहे. यंदा तिच्या गुडघ्यांनी साथ दिली नाही, म्हणून तिच्या वाटचे तेल मी नेत होतो.

कोठारच्या पुढे दुपारी उजव्या टाचेवरचा फोड फुटला आणि मोजा कातडीला चिकटला. सोबतचे लोक पुढे निघून गेले, याचा मला फार राग आला. मागून आलेल्या मुलांनी खांद्यावरच्या स्पीकरवर इतक्या मोठ्याने गाणी लावली होती की देवाचे नाव घ्यायलाही मन थाऱ्यावर राहीना. तेवढ्यात नातवाला बरोबर घेऊन चाललेले एक वृद्ध गृहस्थ थांबले आणि काही न विचारता त्यांनी माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. वडीलधाऱ्या माणसाने माझ्या पायाला हात लावावा, याची लाज वाटून मी पाय ओढून घेऊ लागलो, तर त्यांनी घोटा घट्ट धरून ठेवला. पिशवीतली बाटली पाहून त्यांनी तेल मागितले. ते देवाचे आहे, असे मी सांगितल्यावर त्यांनी मान हलवली, स्वतःच्या कनवटीची डबी काढली, टाचेला तेल लावले आणि उपरण्याची चिंधी फाडून बांधली.

देवनदीवर अंघोळ झाली. त्यानंतरच्या वाटेतले फारसे काही आठवत नाही.

धनत्रयोदशीची रात्र, चंद्र पहाटेपर्यंत उगवणार नव्हता. अस्तंबा 1,325 मीटर उंच आहे, हे भूगोलाच्या पुस्तकात पाठ केले होते. पण अंधारात मोजायला आकडा नसतो, फक्त पुढच्या माणसाची टाच दिसते. शेवटच्या चढणीवर वाळलेले गवत दवाने निसरडे झाले होते, मुरूम पायाखालून सुटत होता आणि एका बाजूचा कडा बॅटरीच्या उजेडात कोठेच संपत नव्हता. तिथे माझे गुडघे थरथरू लागले. मागून माणसांची रांग रेटत होती, कोणीतरी ओरडतही होते, आणि मी खडकाला दोन्ही हातांनी बिलगून उभा राहिलो. जयजयकार करायला तोंड उघडले तरी आवाज फुटेना. तेव्हा वरून तोच ओळखीचा आवाज आला, "खाले नको देखू, भाऊ. मन्हा मांगे ये." त्यांनी हात दिला नाही, कारण एका हाताने नातवाला धरले होते, त्यांनी काठीचे टोक माझ्याकडे केले. ते धरून मी बहुधा वीसेक पावले चढलो असेन, पण ती पावले मला आजही एकेक करून आठवतात.

शिखरावर तेल वाहिले तेव्हा पूर्वेकडे उजाडू लागले होते. आईचे नाव घेतले आणि रडू आले. मागे वळून पाहिले, तर ते दोघे गर्दीत दिसेनात.

उतरताना सोबतचे म्हणाले की तो अश्वत्थामाच होता. मला तसे म्हणवत नाही. त्यांच्या बोटांना तंबाखूचा वास होता आणि चिंधी बांधताना त्यांनी नातवाला तीनदा विचारले होते, "भूक लागनी का?"