चौदा आकडी तारीख: आधी कापा, मग वाचा

हॉटेलच्या बुकिंगची फाइल असो, बँकेचा व्यवहार असो की कॅलेंडरची आयसीएस फाइल, तारीख आणि वेळ बहुधा चिकटूनच येतात: २०२५१२०३१४३०००. म्हणजे ३ डिसेंबर २०२५, दुपारचे अडीच. जुन्या गोव्याच्या फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या सणाचा, दिवस. आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात असं रूप चालतं, फक्त तारीख आणि वेळ यांच्यामध्ये 'टी' लागतो. जावास्क्रिप्टचा 'डेट' मात्र हायफन-कोलनवालं लांब रूपच खात्रीने वाचतो, एरवी 'इनव्हॅलिड डेट' हाती येतं. हेच आकडे नंबर म्हणून दिले तर जास्त वाईट. ते १९७० पासूनचे मिलिसेकंद समजले जातात आणि तारीख २६११ सालात जाऊन पडते. एरर येत नाही, त्यामुळे चूक बरेच दिवस लपून राहते.

म्हणून स्ट्रिंगला (म्हणजे नंबर न मानता मजकूर म्हणून ठेवलेल्या आकड्यांना) शेवटपर्यंत स्ट्रिंगच ठेवा. तुकडा कापणाऱ्या 'स्लाइस'ने (मोजणी ० पासून, शेवटचं स्थान वगळून) ० ते ४ वर्ष, ४ ते ६ महिना, ६ ते ८ दिवस, ८ ते १० तास, १० ते १२ मिनिटं, १२ ते १४ सेकंद. मध्ये 'टी' असेल तर वेळेची सगळी स्थानं एकाने पुढे सरकतात. 'टी' काढण्यासाठी आकडे सोडून बाकी सगळं पुसायचा मोह होतो. पण शेवटचा 'झेड' आहे का हे त्याआधी तपासून ठेवा, नाहीतर वेळ यूटीसीतली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली, होती ही माहितीच पुसली जाते.

जावास्क्रिप्टमध्ये महिना ० पासून मोजतात, तेव्हा डिसेंबरसाठी ११ द्या. ३० फेब्रुवारी दिलात तर तो मुकाट्याने मार्चमध्ये ढकलला जातो. तयार झालेल्या तारखेतून महिना आणि दिवस परत काढून मूळ तुकड्यांशी जुळवून पाहणं हा यावरचा साधा उपाय. पीएचपीत 'क्रिएट फ्रॉम फॉरमॅट' वापरताना मिनिटांसाठी लहान 'आय' आणि महिन्यासाठी लहान 'एम' लागतो. तिथेही जादा दिवस पुढे ढकलले जातात, म्हणून इशारे वाचायलाच हवेत. पायथन ३.११ पासून 'फ्रॉम आयएसओ फॉरमॅट' 'टी'वालं चिकटलेलं रूप थेट वाचतं.

सेकंद नसलेली बारा आकडी स्ट्रिंग मायएसक्यूएल या डेटाबेसला कधीही तशीच देऊ नका. बारा आकडे दिसले की तो वर्ष दोनच आकड्यांचं धरतो. २०१०१२०३१४३० म्हणजे ३ डिसेंबर २०१०, दुपारी अडीच. पण टेबलात जातं १२ ऑक्टोबर २०२०, पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ३० सेकंद. शेवटी दोन शून्यं जोडली की प्रश्न मिटतो.

मिलिसेकंदांसह सतरा आकडे असतील तर ते जावास्क्रिप्टच्या नंबरमध्ये अचूक मावत नाहीत, शेवटचा आकडा बदलू शकतो.

खरी कसोटी टाइमझोनची. आपल्याकडे गोव्यात जत्रेतलं नाटक मध्यरात्रीनंतर उभं राहतं. २० डिसेंबरला रात्री साडेबाराचा प्रयोग यूटीसीत २०२५१२१९टी१९००००झेड असा लिहिला जातो. पहिले आठ आकडे कापून तारीख छापली तर लोक एक रात्र आधी मंडपात येतील. उलट बाजूने, गोव्यातल्या मध्यरात्रीवर जावास्क्रिप्टचं 'टू आयएसओ स्ट्रिंग' (ते वेळ यूटीसीत लिहितं) चालवलं की आदल्या दिवशीचे साडेअठरा मिळतात. 'झेड' असेल तर ५ तास ३० मिनिटं मिळवून मगच दिवस ठरवा. 'झेड' नसेल तर वेळ कुठली हे फाइल पाठवणाऱ्याला विचारून कोडमध्ये लिहून ठेवा. अंदाज नको.

पडद्यावर ०३/१२/२०२५ असं दाखवू नका. गोव्यात येणारा अमेरिकी पाहुणा ते १२ मार्च वाचेल. महिन्याचं नाव अक्षरांत लिहा. जावास्क्रिप्टमधल्या 'इंटल'च्या तारीख-फॉरमॅटला मराठी-भारत लोकेल (भाषा आणि देशाची खूण) आणि 'एशिया/कोलकाता' झोन दिला की देवनागरी आकडे आपसूक येतात, आणि ते फार छान दिसतात. पण तोच मजकूर तारखेच्या इनपुटमध्ये परत भरला तर खाना रिकामा राहतो, कारण त्याला इंग्रजी आकडेच लागतात. जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधला (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्रातला) आकड्यांचा संकेतही देवनागरी आकडे ओळखत नाही, पायथनचा ओळखतो. तेव्हा डेटाबेसात आणि फॉर्ममध्ये मूळ रूप ठेवा, देवनागरी फक्त दाखवण्यापुरतं.