तीनशे अडतीस किलोपास्कल

माणदेशातल्या एका गावाची पाणीयोजना माझ्याकडे होती, तेव्हाची गोष्ट. मे महिना होता. जॅकवेलपासून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीपासून, माळावरच्या टाकीपर्यंत साडेतीन किलोमीटर लांबीची १६० मिमीची पीव्हीसी ऊर्ध्ववाहिनी. कागदोपत्री ऊर्ध्ववाहिनी, एरवी सगळे तिला रायझिंगच म्हणतात. चार तासांत भरणारी टाकी भरायला पाच तास लागायला लागले. पाणी जात होतं हे नक्की, पण कुठे जात होतं ते दिसत नव्हतं. तिथे वर मुरूम आणि मुरमाखाली भेगाळलेला कातळ आहे. असल्या जमिनीत गळतीचं पाणी वर येत नाही, भेगांत उतरून जातं. पाणी सोडणारे तात्या दोन दिवस सगळी लाईन पायी फिरून आले होते. कुठे ओल नाही, गवताची हिरवी काडी नाही. गावात टँकरची भाषा सुरू झाली होती.

मग मी रात्री नऊला पंप बंद करायला लावला. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या एनआरव्हीवर भरवसा नको म्हणून हाताने बंद करायचा स्लूस व्हॉल्व्हही घट्ट आवळला आणि दाब मोजायचा गेज व्हॉल्व्हच्या पुढे, लाईनच्या बाजूला बसवला. टाकीकडचं तोंड उघडं असतं. त्यामुळे वरून हवा आत येते, गळतीच्या वरच्या पाइपातलं पाणी हळूहळू गळतीतून निघून जातं आणि खालच्या पाइपातलं जागेवर उभं राहतं. आता गेजवर जो दाब दिसतो तो त्या उभ्या पाण्याच्या उंचीचा, म्हणजे गळतीच्याच उंचीचा. मात्र लाईन सलग चढती हवी. मधे उंचवटा असला की हिशेब फसतो. आमची लाईन पहिल्यापासून शेवटपर्यंत चढती होती. जमिनीखालच्या साडेतीन किलोमीटरमधली एक फट पंपघरात उभं राहून सापडते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

सकाळी सहाला डिजिटल गेजवर ३३८ किलोपास्कल होते. तासभर थांबले, आकडा हलला नाही. आमच्या कामात सगळे दाब ‘किलो’त बोलतात. पाइप दहा किलोचा, पंप सहा किलोचा. किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरवर एक किलोग्रॅम, आणि एक किलो म्हणजे दहा मीटर पाणी. शंभर किलोपास्कलचा एक किलो, हेही तोंडात बसलेलं. त्यामुळे मी मनातल्या मनात ३.३८ किलो, ३३.८ मीटर असा हिशेब केला. गेजची पातळी ६१२.४० मीटर होती, म्हणजे गळती ६४६.२० वर. एल-सेक्शनमध्ये, म्हणजे लाईन कुठे किती उंचीवर आहे ते दाखवणाऱ्या नकाशात, ती पातळी २,१४० मीटरवर मिळाली. तिथे जेसीबी लावला.

पाइप उघडा पडला. कोरडा. दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर खणलं तरी तेच. मुरूम हातात घेतला तर पिठासारखा भुरभुरत होता. अकरा वाजले होते, ऊन डोक्यावर आलं होतं आणि बांधावर बसलेली माणसं काहीच बोलत नव्हती. ते न बोलणं मला फार जड गेलं.

तात्यांनी विचारलं, “मॅडम, किलोत किती म्हणला हुता?”

“तीन पूर्णांक अडतीस.”

“माझा जुना काटा तर साडेतीनाच्या जरासाच अलीकडं हाय. सकाळी तुमच्या गेजाशेजारीच लावला हुता.”

आधी वाटलं, काटा जुना झालाय. पण पंप चालू असताना तात्या रोज त्याच काट्यावर दाब बघतात, त्यात कधी मोठा फरक आला नव्हता. मी डायरी उघडली आणि एक किलो बरोबर किती किलोपास्कल ते लिहिलं: ९८.०७. शंभर नव्हे. ३३८ भागिले ९८.०७ म्हणजे ३.४५ किलो. तात्यांचा काटा बरोबर होता. शंभर किलोपास्कल म्हणजे एक बार आणि एका बारला पाणी १०.२ मीटर चढतं, दहा नव्हे. पंपाचा दाब सांगताना हा दोन टक्क्यांचा फरक कुणाला जाणवतही नाही. पण इथे ३३.८ चे ३४.४७ झाले, म्हणजे ६७ सेंटिमीटर वाढले, आणि त्या पट्ट्यात लाईनचा चढ १२० ला १ होता. उंचीतले ६७ सेंटिमीटर म्हणजे लाईनवर ८० मीटर.

शिवाय एका किलोला दहा मीटर हा आकडा थंड पाण्याचा, घनमीटरला हजार किलोग्रॅम वजन धरलेला. मेमधलं आमचं पाणी तीस अंशांचं. तेवढं तापलं की घनमीटर ९९६ किलोग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्याच दाबाला स्तंभ आणखी १५ सेंटिमीटर उंच उभा राहतो. म्हणजे पुढे अजून १८ मीटर. एरवी हा हिशेब मी केला नसता. त्या दिवशी केला.

एकूण ९८ मीटर. टेप धरून आम्ही पुढे गेलो आणि २,२३८ वर चुन्याची खूण केली. जेसीबीवाला जरा नाराजीनेच आला. चौथ्या बकेटला मुरमाचा रंग बदलला. तात्या खड्ड्यात उतरले, मूठभर उचलून त्यांनी दाबला, आणि तो मुठीत लाडवासारखा वळला. तीन मीटर अलीकडे जॉइंट होता. पाइपावर एक दगड रुतून बसला होता, त्याने सांधा वाकडा करून रबर रिंग बाहेर ढकलली होती. पाणी जॉइंटच्या ओठापर्यंत येऊन थांबलं होतं, एक थेंबही वर नाही.

दगड काढून, खाली वाळू भरून, नवा सांधा जोडेपर्यंत पाच वाजले. संध्याकाळी पंप सुरू केला, टाकी चार तासांत भरली, आणि मी पुन्हा पंप बंद करून व्हॉल्व्ह आवळला. टाकीतलं पाइपाचं तोंड गेजपासून ५८ मीटर वर आहे. त्या पाण्याला तेवढ्या उंचीचे ५६६ किलोपास्कल व्हायला हवे होते. तात्या रात्री पंपघरातच झोपले. सकाळी सहाला त्यांचा फोन आला, “मॅडम, पाचशे सहासष्ट. रातभर हललं न्हाई.”