स्क्रीन लुकलुकते? पॅनल घेण्याआधी केबल बघा

लॅपटॉपची स्क्रीन लुकलुकायला लागली की दुकानात पहिलं उत्तर मिळतं, "पॅनल गेलं, बदलावं लागेल." पुष्कळदा पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा काचेचा भाग, धडधाकट असतं. दोष असतो बिजागरीतून जाणाऱ्या बारीक केबलमध्ये, नाहीतर स्क्रीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये. केबल काही शे रुपयांत येते, पॅनलला हजारांत पैसे मोजावे लागतात. अंबाजोगाई, उदगीर, सेलूसारख्या गावांत दोन्ही गोष्टी बहुधा बाहेरूनच मागवाव्या लागतात, त्यामुळे चुकीचा पार्ट आला की पैसे आणि आठवडा दोन्ही जातात. म्हणून आधी दोष कुठे आहे ते ठरवा.

सुरुवात बायोसपासून, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानापासून करा. मशीन बंद करून चालू करताना बहुधा एफ२ दाबत राहा, एचपीत एफ१०. बायोस उघडल्यावर पाच-दहा मिनिटं तसंच ठेवा. तिथेही लुकलुकत असेल तर विंडोजचा काही संबंध नाही. फॉरमॅट मारू नका, त्याने काहीही साधणार नाही. डेलमध्ये आणखी सोपी सोय आहे: बंद मशीनवर डी दाबून धरा आणि पॉवर दाबा. स्क्रीनवर एकामागून एक सपाट रंग येतात. ही पॅनलची स्वतःची चाचणी आहे. रंग स्वच्छ आले तर पॅनलवर संशय घेण्याचं कारण उरत नाही.

बायोसमध्ये स्थिर आणि विंडोजमध्ये फडफड असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. तोही लुकलुकला तर ड्रायव्हर. तो स्थिर आणि बाकी सगळं लुकलुकत असेल तर एखादा प्रोग्राम. ड्रायव्हरसाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स, तिथे रोल बॅक ड्रायव्हर, कारण अपडेटनंतर सुरू झालेला त्रास बहुधा इथेच मिटतो. फक्त बॅटरीवर चालताना लुकलुकत असेल तर इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटरमधलं पॅनल सेल्फ रिफ्रेश आणि डिस्प्ले पॉवर सेव्हिंग बंद करा. ब्राइटनेस कमी केल्यावरच डोळ्यांना खुपत असेल, तर बॅकलाइट, म्हणजे चित्रामागचे दिवे, मंद करण्याची ती पद्धतच आहे. दिवे वेगाने चालू-बंद होतात. त्याला बिघाड म्हणू नका, ब्राइटनेस थोडा वाढवा.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. पांढरं पान उघडा आणि झाकण अगदी सावकाश पुढे-मागे करा. एका ठरावीक कोनात चित्र फडफडलं, रंग बदलले किंवा स्क्रीन काळी झाली, तर केबल. ती बिजागरीपाशी रोज वाकते आणि आतल्या केसासारख्या तारा एकेक करून तुटतात. बिजागरी कडक झालेली असेल तर हे लवकर होतं, म्हणून केबल बदलताना बिजागरीचे स्क्रूही बघा. उलट, झाकण हलवून काही फरक नाही, पण उभी रंगीत रेघ कायम आहे, खालची कड हलकेच दाबली की ती बदलते, तर तो पॅनलचाच दोष. दप्तरात डबा आणि जाडजूड पुस्तकांखाली लॅपटॉप दाबून एसटीने नेणाऱ्या मुलांच्या मशीनवर हा प्रकार फार दिसतो.

घरातल्या टीव्हीला एचडीएमआयने जोडून बघा. टीव्हीवरही चित्र तुटत असेल तर ग्राफिक्स चिप किंवा मदरबोर्ड. विशेषतः तापल्यावर त्रास सुरू होत असेल तर. बहुतेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी मशीन बनवतात, आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. पंख्याची जाळी धुळीने बुजलेली असेल तर आधी ती साफ करा. स्क्रीन काळी पण टॉर्च तिरका मारल्यावर पुसट चित्र दिसतंय, तर चित्र येतंय, बॅकलाइट गेलाय.

"व्होल्टेज कमी-जास्त होतं म्हणून स्क्रीन उडते," असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. चार्जरवर इनपुट वाचा: १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. १८० व्होल्टवरही तो नीट चालतो, शिवाय मध्ये बॅटरी असते. खरी अडचण अर्थिंगची. तीन पिनची पिन मोडून दोन पिनमध्ये घातली, की चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे लॅपटॉपच्या धातूच्या भागावर साधारण १०० ते ११५ व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी थोडा असतो, पण हाताला मुंग्या येतात, टचपॅड आणि टचस्क्रीन मनाला येईल तसे वागतात, टीव्हीवर रेघा सरकतात. चार्जर काढल्यावर हे थांबलं तर वायरमनला बोलवा. फेज आणि अर्थिंगमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवेत. काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपाला सोडते. त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकत राहणं हा खरोखर उपाय आहे.

केबल बदलायचीच ठरली तर चार्जर काढा, मागचं झाकण उघडा आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. मग पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरा. ही पायरी टाळली आणि बॅटरीचा पुरवठा चालू असताना केबल तिरकी बसली, तर मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा बारीक फ्यूज उडू शकतो. मग नवी केबल, नवं पॅनल, काही लावलं तरी अंधार. पुढची प्लास्टिकची चौकट जुन्या रिचार्ज कार्डाने सावकाश सोडवा, स्क्रू ड्रायव्हर घालू नका. पॅनलमागचा कनेक्टर चिकटपट्टीखाली असतो. काहींवर तारेची बारीक कडी असते, ती आधी उचला. मग कनेक्टर पॅनलला समांतर सरकवून काढा, वर उपटू नका. कधी कधी तो नुसता सैल झालेला असतो. काढून, पुसून परत बसवला की काम झालं.

पॅनल मागवताना लॅपटॉपचं मॉडेल सांगून भागत नाही, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनलं येतात. मागच्या स्टिकरचा फोटो काढा आणि तोच नंबर द्या. साध्या ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) पॅनलला बहुधा ३० पिन असतात, १४४ हर्ट्झ किंवा टच असलेल्यांना बहुधा ४०. १५.६ इंचातही काही ३६० मिलिमीटरच्या आसपास रुंद, नवी ३५०च्या आसपास, आणि स्क्रूचे कान असलेली-नसलेली असा फरक असतो. नवं पॅनल जोडलं की चौकट बसवण्याआधीच पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं पान लावून बघा, झाकण दहा-बारा वेळा उघड-बंद करा, आणि केबल बिजागरीच्या खाचेतून नीट गेली आहे, कुठे चिमटली नाही, याची खात्री करूनच चौकट दाबा.