येऊरच्या पाड्यावरचा परदेशी फिल्टर

उपवन मागे पडलं की येऊरची टीएमटीची बस चढणीला लागते आणि वनखात्याच्या नाक्यानंतर हवाच बदलते. पुढे बंगले, हॉटेलं, शनिवारचा डीजे. त्यांच्या मागे आदिवासी पाडे आहेत, हे ठाण्यात जन्म काढलेल्यांच्याही सहसा गावी नसतं.

पाटोणापाड्याच्या पुढे मित्राच्या ओळखीच्या घरी चहाला टेकलो. ओटीवर तोटी बसवलेला निळा प्लास्टिकचा पिंप होता, त्यावर परदेशी देणगीदाराचा अर्धवट सोललेला स्टिकर. पाणी गाळायचा फिल्टर. मावशींनी झाकण उघडलं तर आत तांदूळ! "उंदीर नाय शिरत," त्या म्हणाल्या. आतली कांडी पहिल्याच पावसाळ्यात बुजली. जांभळी नाक्यावरच्या दुकानदाराने ती उलटीपालटी करून पाहिली आणि असला माल इथे येत नाही म्हणून परत दिली. आणि मुळात तक्रार गढूळ पाण्याची नव्हतीच. मे महिन्यात हंडाच भरत नाही, तर गाळायचं काय?

आफ्रिकेतल्या प्लेपंपचीही अशीच गत झाली होती. पोरं चक्रावर खेळतील आणि टाकीत पाणी चढेल, ही कल्पना. २००६ मध्ये अमेरिकेत त्यासाठी १.६४ कोटी डॉलरची घोषणा झाली. पोरं कंटाळल्यावर ते जड चक्र बायकांनाच ढकलावं लागलं, आणि काही गावांत तर त्यासाठी चालू हातपंप काढले होते. पोरं हसताहेत, चक्र फिरतंय, असा फोटो मात्र झकास येतो.

"मग तुम्हाला हवं होतं काय?" मी विचारलं. उत्तर मावशींच्या भाच्याने दिलं. "दाखला." बारावी झाली, पण जातीचा दाखला नाही म्हणून पुढचं अडलंय. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजा शाळेत गेला नाही, सातबारा म्हणावा तर जमीन वनखात्याची. तहसील कचेरीच्या प्रत्येक खेपेला घरातल्या कुणाची तरी रोजी बुडते.

इथे खरी गरज आहे ती कागद शोधत हिंडणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्याची. त्याच्या पगारावर देणगीदाराचा स्टिकर कुठे चिकटवणार? त्यात एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधी एका संस्थेने दुसरीला देणं बंद केलं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. म्हणजे मोठ्या संस्थेने पाड्यातल्या छोट्या मंडळाला त्यातून पैसे द्यायची वाटच उरली नाही. पिंप वाटणं त्यामानाने सोपं.

निघताना भाच्याने विचारलं, "दादा, तहसीलमध्ये कोणी ओळखीचं?" नव्हतं. पण जुनं कोतवाल बुक शोधायला सांगितलं, गाव नमुना १४. त्यातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत जातही लिहिलेली असते. नोंद मोडी लिपीत निघाली तर वाचणारा वेगळा गाठावा लागेल, आणि तो पैसे घेईल.