डीप ब्लूचा वेग गाठायचाय? आधी फॉर्म भरा

१९९७ साली न्यूयॉर्कमध्ये बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्हला हरवणाऱ्या डीप ब्लू या संगणकाचा वेग सगळीकडे 'सेकंदाला २० कोटी स्थिती' (म्हणजे पटावरच्या मोहऱ्यांच्या मांडण्या) असा छापून येतो. आज तो गाठायला काय लागतं, हे स्वतः करून बघायचं माझ्या डोक्यात बसलं होतं. तांत्रिक भाग फारच सोपा निघाला. जीव खाल्ला तो एका फॉर्मने. अजून राग गेलेला नाही, म्हणून लिहून काढतोय.

आधी लक्ष्य ठरवलं. डीप ब्लू म्हणजे आयबीएमच्या आरएस/६००० एसपी यंत्राचे ३० नोड (एकत्र जोडलेले संगणक) आणि प्रत्येक नोडवर बुद्धिबळासाठीच घडवलेल्या १६ चिप, एकूण ४८०. एकेक चिप सेकंदाला २० ते २५ लाख स्थिती तपासायची. गुणाकार केला तर आकडा ९६ कोटींच्या पुढे जातो. पण एवढ्या चिपना सतत पुरेल असं काम वाटून देणं जमत नाही, बऱ्याच चिप मोकळ्या बसतात. डीप ब्लू घडवणाऱ्या चमूने नंतर लिहिलेल्या शोधनिबंधात १९९७च्या सामन्यातली सरासरी दिली आहे, ती सेकंदाला १२ कोटी ६० लाख. शांत स्थितीत वेग २० कोटींच्या जवळ जायचा, मारामारीच्या स्थितीत १० कोटींवर यायचा. मी १२ कोटी ६० लाख पकडले.

आजचा स्टॉकफिश, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम (इंजिन), चांगल्या प्रोसेसरच्या एका कोअरवर (प्रोसेसरमधल्या एका गणन-भागावर) सेकंदाला १० लाखांच्या आगेमागे चालतो. म्हणजे शंभराच्या वर कोअर हवेत. एवढं मशीन विकत कोण घेतो? क्लाउडवर तासाच्या भाड्याने घ्यायचं ठरवलं. खातं उघडलं, कार्ड जोडलं, यादीतून १९२ व्हीसीपीयूचं (क्लाउडवर प्रोसेसरची ताकद मोजायचं एकक) मशीन निवडलं आणि 'सुरू करा' दाबलं.

लाल पट्टी आली. तुमच्या खात्याची मर्यादा ओलांडली जात आहे.

नव्या खात्याला मोजके व्हीसीपीयू देतात, हे तोवर कुठेच मोठ्या अक्षरात दिसलं नव्हतं. यादीत मशीन दिसतं, भाडं दिसतं, बटण हिरवं असतं. घोडं अडतं ते बटण दाबल्यावर. मग मर्यादा वाढवून मागायचा फॉर्म. त्यात 'वापराचा प्रकार' नावाचा ड्रॉपडाउन: वेबसाइट, डेटाबेस, मशीन लर्निंग, चित्रफीत प्रक्रिया. बुद्धिबळ कशाला असेल! 'इतर' निवडलं की खाली चौकट उघडते आणि 'व्यावसायिक कारण' मागते. मी खरं तेच लिहिलं: बुद्धिबळाचं इंजिन काही तास चालवून त्याचा वेग डीप ब्लूशी ताडून बघायचा आहे.

बराच काळ काहीच नाही. मग उत्तर आलं: आपली विनंती आम्हाला महत्त्वाची आहे, कृपया व्यावसायिक कारण सविस्तर कळवा. सविस्तर कळवलं. पुढचं उत्तर वेगळ्या माणसाचं. डीप ब्लू हे आपल्या कंपनीचं उत्पादन आहे का, असं त्याने विचारलं होतं. मी शांतपणे लिहिलं की नाही, ते आयबीएमचं होतं आणि केव्हाच निवृत्त झालंय. त्यावर माझ्या विनंतीचं तिकीट 'निराकरण झाले' म्हणून बंद! मर्यादा तिथल्या तिथे.

पुन्हा उघडलं. या वेळी मर्यादा वाढली, पण १६ वर. १६ व्हीसीपीयूत डीप ब्लू सोडा, त्याची सावलीही दिसत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा नवा माणूस, पुन्हा 'सविस्तर कळवा'. ये रे माझ्या मागल्या. शेवटी बुद्धिबळ हा शब्दच काढून टाकला. 'बहुथ्रेडी शोध अल्गोरिदमची कार्यक्षमता चाचणी, एकच मशीन, मर्यादित तास, नंतर बंद' असं लिहिलं. यातला शब्द न् शब्द खरा आहे. लगेच मंजूर! तुम्हीही पहिल्याच फटक्यात असंच लिहा. आणि किती तास लागतील तो आकडा टाकाच, त्यांना तोच हवा असतो.

मशीन मिळाल्यावरचं काम किरकोळ. स्टॉकफिश सोर्समधून तिथेच बांधून घ्या, म्हणजे तो त्या प्रोसेसरच्या सूचनासंचाला साजेसा होतो; तयार फाइल उतरवलीत तर वेग हातचा जाऊ शकतो. स्टॉकफिशची वेगचाचणीची आज्ञा 'बेंच'. ती नुसती टाइप केलीत तर एकाच थ्रेडवर (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या एकाच धाग्यावर) आणि १६ एमबी हॅशवर (तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायच्या मेमरीवर) चालते, म्हणून पुढे आधी हॅश, मग थ्रेड, मग खोली (किती चाली पुढपर्यंत शोधायचं) द्या.

मी मधल्या डावातल्या, मोहऱ्यांनी भरलेल्या पटावर चालवलं. आकडा आधी डळमळला, मग चढत १२ कोटी ६० लाखांच्या पुढे गेला आणि तिथेच राहिला. खुर्चीतून उठून एक फेरी मारली, खोटं कशाला सांगू! शेवटच्या टप्प्यातली, थोड्या मोहऱ्यांची स्थिती दिली तर आकडा आणखी फुगतो, पण ती लबाडी झाली.

एक राहिलंच, हे मशीन निवडतानाच बघायला हवं: बहुतेक ठिकाणी व्हीसीपीयू म्हणजे अख्खा कोअर नसतो, कोअरचा एक थ्रेड असतो. १९२ वाचून १९२ कोअर मिळाले असं समजू नका.

या आकड्याला किती डोक्यावर घ्यायचं तेही सांगतो. थ्रेड दुप्पट केले की मोजलेल्या स्थिती जवळपास दुप्पट होतात, पण शोधाची खोली तशी वाढत नाही, कारण थ्रेड एकमेकांचंच काम पुन्हा करत बसतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या सामन्यात डीपमाइंडचा बुद्धिबळ प्रोग्राम अल्फाझीरो सेकंदाला सुमारे ६० हजार स्थिती बघत होता आणि समोरचा स्टॉकफिश ६ कोटी. हजार डावांत अल्फाझीरोने १५५ जिंकले, ६ हरले. तरीही मला तो १२ कोटी ६० लाखांचा आकडा बघायचा होता आणि बघितला.

काम संपलं की मशीन नुसतं थांबवू नका, काढूनच टाका. डिस्कचं भाडं चालूच राहतं. वाढवून मिळालेली मर्यादा मात्र खात्यावर तशीच आहे, पण त्या एका रिजनपुरती (क्लाउडच्या त्या एका भौगोलिक विभागापुरती) आणि मशीनच्या त्या एका जातीपुरती. परवा दुसऱ्या जातीचं मशीन घ्यायला गेलो, तर पुन्हा तोच ड्रॉपडाउन.